वेलीआडची कमान

त्यांना सगळे आरेखकच म्हणत. शहराच्या बांधकाम खात्यात त्यांनी एकतीस वर्षं नकाशे काढले होते. निवृत्त झाल्यावर आठवडाभर घरात येरझारा घातल्या, तेव्हा बायको म्हणाली, "अहो, माझ्या डोक्यावर मिरे वाटण्यापेक्षा बाहेर जाऊन काहीतरी काढा."

मग घडीचं स्टूल, पेन्सिली आणि जाड कागद घेऊन ते जुन्या रस्त्यांवर बसू लागले. इमारत समोर असायचीच. तिच्यापुढचा रस्ता मात्र ते दीडशे वर्षांपूर्वीचा काढत. खांद्यावर शिडी टाकलेला दिवे लावणारा, पाण्याची गाडी, खिडकीतून टोपली खाली सोडणारी बाई. कपडे, चाकं, दिवे जुन्या फोटोंवरून ठरत, चेहरे घरचेच. एकदा बायको कडाडली, "हा दाढीवाला गाडीवान म्हणजे माझा भाऊच की!"

"अगं, निदान चित्रात तरी त्याला काम लागलं," ते म्हणाले.

खिडक्या मात्र मोजून काढलेल्या. आरेखकांच्या चित्रात एक वीट इकडची तिकडे व्हायची नाही, असं लोक म्हणत, आणि ते ऐकून त्यांना मूठभर मांस चढे.

एका वादळात जुन्या टपाल कचेरीचा दर्शनी भाग ढासळला. दुरुस्तीचं काम एका पाथरवट बाईकडे आलं. ती एका सकाळी आरेखकांनी काढलेल्या त्या कचेरीच्या चित्राची प्रत घेऊन दारात उभी राहिली.

"काका, कमानीवरचं हे फूल फक्त तुमच्याच चित्रात आहे. फोटोत तिथे नुसती वेल दिसते. दगड आणलाय, उद्या घडवायला घेते."

आरेखकांनी चष्मा काढून पुसला. चित्र काढलं त्या दिवशीही कमान वेलीआडच होती. कागदावरची मोकळी जागा डोळ्यांना खुपली, म्हणून हाताला येईल ते फूल त्यांनी काढून टाकलं होतं. गप्प बसलं तर कुणाला कळणार होतं? पाथरवट बाईने बायकोने दिलेला चहा संपवला, चप्पल पायात सरकवली, तेव्हा कुठे त्यांच्या तोंडून शब्द फुटला. "थांब पोरी. ते फूल माझ्या मनचं आहे. तिथे काय होतं, मी पाहिलंच नाही."

तिने चप्पल पुन्हा काढली. "डोळे मिटून विश्वास ठेवला हो तुमच्यावर."

"तीच तर पंचाईत झाली."

बायको आतून सगळं ऐकत होती. बाहेर येऊन म्हणाली, "मग तोंडं पाडून काय बसलात? पडलेले दगड कचेरीमागेच असतील ना अजून?"

तीन दिवस आरेखक आणि पाथरवट बाई, दोघांनी ढिगारा उपसला. तिसऱ्या दिवशी पाथरवट बाईने एक तुकडा उलटा केला आणि माती झाडली. त्यावर गाठ मारलेली दोरी कोरलेली होती, टपालाच्या गठ्ठ्याला असते तशी. तिचं दुसरं टोक तासाभराने सापडलं.

"काका, तुमच्या फुलापेक्षा हे झकास आहे," ती म्हणाली. त्यांना ते पटलं, थोडं लागलंही.

दोरी कमानीवर चढली. आरेखकांनी मग कपाटातली सगळी चित्रं बाहेर काढली आणि प्रत्येकाखाली बारीक अक्षरात लिहायला घेतलं: हे पाहिलेलं, हे ऐकलेलं, हे माझ्या मनचं. पाहिलेलं त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा बरंच कमी निघालं. त्या कामात वर्ष गेलं. पाथरवट बाई मात्र नवं काम आलं की आधी त्यांच्याकडेच येई, चित्राखालची ओळ वाची आणि मगच छिन्नी उचली.