डब्यात नसलेली शेड

बारावीनंतर मी न्हावऱ्याहून शिरूरला पार्लरचा कोर्स करायला जात होते. सकाळची एसटी, दुपारपर्यंत थ्रेडिंग आणि फेशियल शिकायचं, संध्याकाळी घरी येऊन म्हशींची धार. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. पार्लरच्या मालकीणबाईंना आम्ही सगळ्या मॅडम म्हणायचो. त्यांच्याकडे कोपऱ्यात एक टीव्ही होता आणि दुपारी त्यावर मेकअप विकण्याचा कार्यक्रम लागायचा. एक गोरी बाई यायची, तिला आणखी गोरं करायचे, खाली फोन नंबर सरकत राहायचा. आम्ही हातातलं काम करत ते बघायचो.

मी रंगानं काळी. घरात त्याला सावळी वगैरे कुणी म्हणत नव्हतं, काळीच म्हणायचे, आणि त्याचं मला काही वाटतही नव्हतं. बघायला येणारे सुरू झाले तेव्हा वाटायला लागलं. एका घरानं पोहे खाऊन, चहा पिऊन, नंतर निरोप धाडला की मुलगी कामाची आहे, पण आमच्याकडे सगळे उजळ आहेत. आई त्या दिवशी नुसते कांदे निवडत बसली.

त्या उन्हाळ्यात पुण्याचा एक विक्रेता मॅडमकडे आला. त्याच्याकडे मेकअपचा मोठा डबा होता आणि दौंडच्या केबलवाल्याकडून त्यानं संध्याकाळचा एक तास घेतला होता. मॅडमनी कॅमेऱ्यासमोर मेकअप करून दाखवायचा, बायकांनी घरून फोन करायचे, आणि त्यानं डबे विकायचे. मॉडेल म्हणून मॅडमची भाची बसणार होती, गोरीपान. मी मदतीला, म्हणजे स्पंज आणि कापूस हातात द्यायला. आई आधीच दौंडला मावशीकडे जाऊन बसली. मावशी रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायची आणि तिच्याकडे केबल होती.

केबलचं ऑफिस एका किराणा दुकानाच्या वर होतं. भिंतीला निळी चादर लावलेली, दोन हॅलोजन, लग्नाच्या शूटिंगचा कॅमेरा, आणि आपण कसे दिसतोय ते कळावं म्हणून समोर एक छोटा टीव्ही. सगळी तयारी झाल्यावर भाचीचा फोन आला की कॉलेजची प्रॅक्टिकल लांबली, गाडी चुकली, येणं जमत नाही.

विक्रेत्यानं खोलीत सगळीकडे बघितलं. बाई म्हणून मॅडम आणि मी दोघीच होतो.

"हिला बसवायचं?" त्यानं मॅडमना विचारलं.

"बसवू या की," मॅडम म्हणाल्या. "पण तुमच्या डब्यात हिच्या रंगाची शेड नाही. माझ्या पर्समध्ये थोडं सामान आहे, ते मिसळते."

"नको. माल फक्त आपलाच दिसला पाहिजे. गव्हाळ लावा. सगळ्यांना चालतो."

त्या डब्यात सर्वांत गडद रंग तोच होता. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी खुर्चीत जाऊन बसले. खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. आई बघत होती, मावशीच्या शेजारणी बघत होत्या, आणि एवढ्या उजेडात मी कधी बसले नव्हते.

मॅडमनी तो गव्हाळ बेस माझ्या तोंडाला लावायला घेतला. विक्रेता कॅमेऱ्याकडे बघून सांगत होता की हा कोणत्याही त्वचेत मिसळून जातो. समोरच्या टीव्हीत मला माझा चेहरा दिसत होता. तो उजळ होत नव्हता, राखाडी होत होता. मान तशीच काळी, कान तसेच, आणि मधे चुलीतली राख फासल्यासारखं तोंड. माझं हसू गेलं. उठता तर येत नव्हतं.

पहिला फोन आला. स्पीकर लावलेला होता, त्यामुळे सगळ्यांना ऐकू आलं.

"त्या पोरीला बरं न्हाई का?" एका म्हाताऱ्या बाईनं विचारलं.

विक्रेता हसला आणि म्हणाला की मेकअप अजून पूर्ण व्हायचा आहे. लगेच दुसरा फोन. आवाज तरुण होता.

"मला त्या खुर्चीतल्या ताईशी बोलायचंय. ताई, माझा रंग बी तुमच्यावानीच हाय. पुढच्या म्हयन्यात लग्न हाय माझं. मला लावल्यावर असंच दिसंल का?"

विक्रेत्यानं मला मानेनं खुणावलं. काहीतरी गोड बोलून सारवायचं, ते मला कळलं होतं. पण तिचं लग्न होतं.

"व्हय," मी म्हणाले. "असंच दिसंल."

केबलवाला पोरगा कॅमेऱ्यामागे खोकला. मॅडमनी शांतपणे कापूस ओला केला आणि माझं तोंड पुसून काढलं, कॅमेरा चालू असतानाच. मग त्यांनी आपली पर्स उघडली, तपकिरी आयशॅडोची डबी काढली, ती सुरीच्या टोकानं तळहातावर खरवडली, त्यात गव्हाळ बेस थोडासाच घातला, नखाएवढी लाल लिपस्टिक मिसळली आणि माझ्या हनुवटीवर लावून बघितलं. पुन्हा थोडं तपकिरी टाकलं. शिरूरच्या नवरीमुलींना त्या असंच करत आल्या होत्या.

लावून झाल्यावर मी काळीच होते. फक्त चेहरा आणि मान एक झाली होती आणि डोळे नीट दिसत होते.

फोन थांबेनात. सगळ्यांना एकच विचारायचं होतं, हा रंग कितव्या नंबरचा. विक्रेता डबा वरखाली करत राहिला. शेवटी मॅडमच म्हणाल्या, "हा डब्यात नाही, ताई. हा बनवावा लागतो."

कार्यक्रम संपल्यावर तो सामान भरत म्हणाला, "मॅडम, तुम्ही मला तोंडघशी पाडलंत."

"मी आधीच सांगितलं होतं, सर."

"कंपनी म्हणते गडद रंगाला मागणी नाही. मी काय करू?"

"आत्ता आलेले फोन कंपनीला सांगा," मॅडम म्हणाल्या. जाताना त्यानं मला तो डबा देऊ केला. मी घेतला, कारण त्यातलं काजळ चांगलं होतं.

मावशीकडे गेले तर आई दारातच उभी होती. तिनं हनुवटी धरून माझा चेहरा उजेडाकडे केला. "आधी जवा दिसलीस तवा मला वाटलं तुला ताप भरलाय. म्या मावशीला म्हटलं, चल, पोरीला घेऊन येऊ." मग विचारलं, "त्यांनी खायला दिलं का काही?" दिलं नव्हतं. तिनं भाकरी वाढली.

पुढच्या आठवड्यात ती फोनवरची मुलगी तिच्या आईबरोबर पार्लरचा पत्ता काढत दौंडहून एसटीनं शिरूरला आली. माझ्यापेक्षाही एक छटा गडद होती. मॅडमनी मिश्रण माझ्याकडून करून घेतलं; मी पहिल्या वेळी लाल जास्त घातलं, दुसऱ्या वेळी जमलं. लग्नाच्या दिवशीचा मेकअप करायला मलाच बोलावणं आलं. मी गेले, आणि तिथं जेवून आले.