गच्चीवर लावलेला जावयाचा झेंडा

मला तेव्हा निवृत्त होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, आणि झेंड्यातलं आपल्याइतकं जिल्ह्यात कोणालाच कळत नाही अशी माझी पक्की समजूत होती. जन्मभर शाळेत पंधरा ऑगस्टचा झेंडा मीच बांधला, घडीत फुलं मीच घातली आणि दोरी एकदाही अडकली नाही. एवढ्याशा भांडवलावर ती बाई, म्हणजे तेव्हाची मी, गोंदियाजवळच्या कुडव्याच्या रस्त्याने मान ताठ करून चालायची. आता तिची आठवण आली की मला एकटीलाच हसू फुटतं.

त्या उन्हाळ्यात मुलगी अमेरिकेहून आली, सात वर्षांच्या नातीला घेऊन. जावई आला नव्हता आणि येणारही नव्हता. दोघांचं फाटलं होतं. नातीला मात्र सांगितलं होतं की पप्पाला काम आहे.

नातीच्या बॅगेत कपड्यांखाली एक झेंडा निघाला. हिरवा, त्यावर पांढऱ्या काठाचा लाल क्रॉस. जावयाचे पणजोबा नॉर्वेहून जहाजाने तिकडे गेले होते. जावयाचं अमेरिकेतलं गाव तशाच घराण्यांनी वसवलेलं, आणि जुन्या देशाची आठवण राहावी म्हणून गावाने हा झेंडा केलेला.

“क्रॉस मधोमध नाही, दांडीकडे सरकला. शिंप्याने चुकवलं,” तज्ज्ञबाईंनी निकाल दिला.

“आजी, नॉर्वेचा क्रॉस तसाच असते!” नातीने कपाळावर हात मारला. मग तिनेच माझी शाळा घेतली. लाल म्हणजे जुना देश, पांढरा म्हणजे बर्फ, हिरवं म्हणजे नव्या जमिनीवरचं जंगल. “आणि पप्पा म्हणते, झेंडा लावला की दुरून घर ओळखू येते. आपण वर लावू ना. मग पप्पाला हे घर सापडेल.”

मुलगी भांड्यांचं निमित्त करून आत गेली. मी काय करणार? पोछ्याचा दांडा आणला, गच्चीवर टीव्हीच्या छत्रीला सुतळीने बांधला आणि झेंडा लावला. गाठ अशी मारली की कोणी बघत राहावं. बघणारे आलेच.

पहिला आला कोपऱ्यावरचा किराणावाला. “मॅडम, ये कौनसी पार्टी का है?”

मागून शेजारीण ओरडली, “काऊन जी मॅडम, दवाखाना उघडून राहिल्या का?”

“जावयाच्या पूर्वजांचा झेंडा आहे,” मी वरून सांगितलं.

तोवर खाली आणखी माणसं जमली. “जावई चर्चवाले आहेत का?” “पण रंग तर हिरवा आहे!” “निवडणुकीला उभे राहून राहिले का?”

मी गच्चीवरून नॉर्वे समजावू लागले. बर्फ, जहाज, जंगल. पस्तीस मुलांचा वर्ग गप्प बसवणारी बाई मी, आणि खाली पाच माणसांना एक कपडा समजावता येईना. आपल्याकडे प्रत्येक रंगाला मालक आहे. बिनमालकाचा रंग दिसला की माणसं घाबरतात.

संध्याकाळी गल्लीतले चार जण आले. भले लोक. चहासुद्धा घेतला. “मॅडम, उतरवा जी. आम्हाले समजते. पण दुसऱ्याले कोण समजावत बसन?”

मी उतरवला. नात जिन्यात उभी होती. रडली नाही, नुसती विचारत राहिली. “तुम्हीपण दुसरीकडून आले ना? आई म्हणते, माळव्यातून. मग तुमचा झेंडा कुठे आहे?”

“आमचा नाही गं.”

“मग तुम्हाला कोणी ओळखलं कसं?”

बोलण्यावरून ओळखायचे, असं सांगायला तोंड उघडलं आणि बंद केलं. पूर्वजांनी माळव्यातून आणलेली आमची पोवारी बोली मी घराच्या उंबऱ्याबाहेर ठेवली होती. मुलीच्या तोंडून ‘माझं’, ‘तुझं’ऐवजी ‘मोरो’, ‘तोरो’ निघालं की मी डोळे वटारायची. शुद्ध मराठी हवी होती ना बाईसाहेबांना! तेव्हा नातीला दाखवायला माझ्याकडे ना कपडा होता, ना बोली.

रात्रीच्या जेवणाआधी मी मुलीला म्हटलं, “तिला खरं सांग आता.”

“आई, तूच सांग. तू मास्तरीण आहेस.”

“मी कायले सांगू? बाप तिचा, नवरा तुझा.”

ती पोळी लाटू लागली. मी कणीक मळत राहिले.

नात झेंड्याची घडी घेऊन माझ्याजवळ येऊन बसली. “आजी, झेंडा नाही, तर पप्पाला रस्ता सांगावा लागेल. मला सांग. मी फोनवर त्याला सांगते.”

मी सांगितलं. गोंदियाला उतरायचं. स्टेशनाबाहेरून ऑटो करायचा. कुडवा म्हणायचं. किराणा दुकानापाशी थांबायचं, आणि मॅडमचं घर विचारायचं. ती एकेक गोष्ट पाठ करत होती. ‘कुडवा’ तिला नीट म्हणता येईना. ‘ड’ जिभेवरून घसरायचा. मी तीनदा म्हणून घेतलं, शाळेत घ्यायची तसं. चौथ्यांदा तिला बरोबर आलं, आणि मी तिला शाबास म्हटलं.