योगीराजचा घसा

आमच्या शाळेचा शिपाई योगीराज याला गावात त्याच्या नावानं कुणी हाक मारत नाही. लहानथोर सगळे त्याला 'अमांडला' म्हणतात. देवगाव फाट्यावर एसटीची वाट बघणारा एखादा परका माणूस विचारतो, हे काय नाव झालं? मग कुणीतरी त्याला सगळी कथा सांगत बसतं आणि त्याची गाडी चुकते.

हा शब्द त्याला जिंतूरला कॉलेजात असताना धम्मदीप सरांनी दिला. तिकडं दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांच्या राज्यात काळे लोक मोर्चे काढायचे. एकानं ओरडायचं 'अमांडला', म्हणजे सत्ता. बाकीच्यांनी म्हणायचं 'अवेथू', म्हणजे आमची. योगीराजला देवानं रंगरूप बेताचंच दिलं, पण आवाज असा दिला की पोखर्णीच्या जत्रेत लाउडस्पीकर बंद पडला तरी अडू नये. कॉलेजच्या मुलींसाठी एसटी सुरू करा म्हणून फाट्यावर रस्ता रोखला, तेव्हा हा ट्रॅक्टरवर चढून ओरडला आणि दोनशे लोकांनी उत्तर दिलं. आठवड्यात गाडी सुरू झाली.

त्या गर्दीत आमचे आताचे साहेब, व्यंकटरावही होते. तेव्हा त्यांच्याकडं सत्ता नव्हती, म्हणून त्यांना तो शब्द फार आवडला. पुढं सत्ता आली, त्यांची शिक्षणसंस्था झाली आणि तिच्या शाळेत योगीराजला शिपायाची जागा मिळाली. हंगामी. यंदा कायमची ऑर्डर काढतो, असं साहेब अकरा वर्षं म्हणतायत. तोवर साहेबांच्या प्रत्येक सभेत पहिली आरोळी योगीराजची. शाळेची पोरंसुद्धा झेंडावंदनाला 'अवेथू' म्हणतात. मी त्याच शाळेत मास्तर आहे आणि माझीही ऑर्डर साहेबांच्याच कपाटात आहे, तेव्हा मला हसायची सोय नाही.

यंदा अडलं ते पाण्यावरून. नवी टाकी झाली, पण नळाची लाइन संस्थेच्या वसतिगृहापाशी येऊन थांबली. मागची आळी, म्हणजे योगीराजची आणि माझी, कोरडीच राहिली. रविवारी शाळेच्या नव्या इमारतीचं उद्घाटन होतं. तिथंच हंडे घेऊन जायचं, असं आळीतल्या बायांनी ठरवलं. म्हातारी कडूबाई योगीराजच्या दारात येऊन बसली.

"बाबा, तू निस्ता पुढं चाल. आमाला आवाज फुटत न्हाई."

योगीराजनं गळ्याला हात लावला. घसा बसलाय, डॉक्टरनं बोलू नको म्हणून सांगितलंय, असं त्यानं इतक्या खणखणीत आवाजात सांगितलं की म्हातारीला हसावं का रडावं कळेना. त्याची बायको गीताबाई चौकटीत उभी होती. आत जाऊन तिनं हंडा घासून ठेवला.

रविवारी अकराला मंडप भरला. योगीराज स्टेजवर माईकपाशी, मी दुसऱ्या रांगेत, पोरं पुढं सतरंजीवर. साहेब बोलायला उठले आणि फाटकातून बाया आत आल्या. पंचवीस-तीस असतील. सगळ्यांच्या पुढं गीताबाई. इतकी वर्षं शेजारी राहून मी या बाईचा आवाज भिंतीपलीकडूनही ऐकला नव्हता. तिनं हंडा खाली ठेवला, पदर सारखा केला आणि बारीक, चिरक्या आवाजात ओरडली, "अमांडला!"

अख्खा मंडप म्हणाला, "अवेथू!"

पोरं म्हणाली, खुर्चीवरचे पाहुणे म्हणाले, सवयीनं माझ्याही तोंडून गेलं. शिकवणारा चांगला होता, दुसरं काय.

साहेब हसरा चेहरा ठेवून योगीराजकडं वाकले. माईक चालूच होता, त्यामुळं ते मंडपभर ऐकू गेलं.

"माईक घे रे. त्यो आवाज दाब."

योगीराजनं माईक तोंडापाशी नेला. समोर बायको उभी, बाजूला अकरा वर्षं टांगलेली ऑर्डर. मला त्याची अशी कीव आली की मी मान खाली घातली. वर पाहिलं तेव्हा माईक खाली आला होता आणि तो साहेबांना बोटानं गळा दाखवत होता. घसा बसलाय. कडूबाईला सांगितलेलंच साहेबांना सांगत होता. गीताबाई ते बघत होती.

बायांनी निवेदन दिलं, साहेबांनी "बघू" म्हटलं, हंडे रिकामेच परत गेले.

दुपारी मी त्याच्याकडं गेलो. साहेबांनी माणसाबरोबर खोकल्याची बाटली पाठवली होती. पुढच्या महिन्यात प्रचार आहे, तोवर घसा बरा झाला पाहिजे, असा निरोप होता. ऑर्डरचं काही नव्हतं. गीताबाईनं अडुळशाचा काढा पेल्यात ओतून नवऱ्यापुढं ठेवला.

"घसा कसा हाय आता?"

तो माझ्याकडं बघायला लागला. मी भिंतीकडं बघितलं. ती तिथंच उभी राहिली, उत्तर ऐकायला. योगीराजनं तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. मग त्यानं पेला उचलला आणि काढा गुपचूप पिऊन टाकला.