पोचल्याच्या दोन घंट्या

माझा आवाज एक उन्हाळाभर माझ्याशिवाय नदीकाठी राहिला होता. अजूनही दुपारी डोळा लागता लागता तो मला ऐकू येतो: पाणी चढतंय, वाळूतून वर या.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. नागपुरात, रामदासपेठेतल्या आमच्या छोट्याशा ऑफिसात नद्यांची पातळी मोजायचं काम चाले. तिथे परदेशातून एक डबा आला. त्याला डेटा लॉगर म्हणायचं. पाण्यावर तरंगणारा एक गोळा त्याला जोडायचा. गोळा वर चढला की डबा नोंद ठेवणार, आणि शिकवलं तर स्वतःहून टेलिफोनही लावणार. शिकवायचं काम साहेबांनी मोठ्या मनाने मला दिलं, कारण मॅन्युअल त्यांच्या डोक्यावरून गेलं होतं.

मला ते काम फार आवडलं. बटणं दाबत एकेक आज्ञा भरायची: पाणी इतकं चढलं तर हा नंबर फिरव, कोणी उचलला नाही तर ठेव, थोड्या वेळाने पुन्हा फिरव. डब्याला बोलता येत नव्हतं, म्हणून एक टेपरेकॉर्डर जोडून त्यात माझाच आवाज भरला. कूलरमधून ओल्या वाळ्याचा वास येई, हात बटणांवर असत आणि मन कन्हान नदीच्या पात्रात जाऊन पडे. साहेब हाक मारत, ती मला तिसऱ्या खेपेला ऐकू येई.

त्या पात्रात एक मावशी राहत. पाणी आटलं की वाळूत डांगरवाडी लावायची, टरबुजं आणि काकड्या निघेपर्यंत तिथेच खोपट बांधून संसार मांडायचा, ही त्यांच्याकडची पिढ्यांची रीत. आदल्या उन्हाळ्यात इथे आभाळ कोरडं असताना वर सातपुड्यात अवकाळी पाऊस कोसळला आणि नदी न सांगता आली. खोपट गेलं, मावशी कशाबशा वाचल्या. यंदा त्या खोपटात त्यांची सून होती आणि सुनेचं तान्हं बाळ. पळसाच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधून त्यात ते झोपलेलं मी पाहिलं. डब्याने वेळेवर हाक मारावी, एवढंच मला हवं होतं.

गावात फोन एकच होता. काठावरच्या किराणा दुकानात, दुकानदार काकांच्या गल्ल्याशेजारी, विणलेल्या रुमालाखाली. डबा बसवला तो बराच वर, नदीवरच्या पाणी मोजायच्या चौकीत. मी तिथे थांबून गोळा हाताने उचलून धरला. डब्यात खटका वाजला, नंबर फिरला, रिंग गेली. कोणी उचलला नाही. डब्याने फोन ठेवला, जरा थांबून पुन्हा लावला. पुन्हा तेच. मग मात्र माझं डोकं फिरलं आणि मी जीप काढायला लावून तडक दुकानावर आले. काका साखर जोखत होते, चेहरा अगदी प्रसन्न.

"काका, फोन का नाही उचलला?"

"काहून उचलू? माही पोरगी आज लई खुशीत दिसते. पोचल्याची घंटी देऊनच राहिली!"

त्यांची मुलगी नागपुरात दिलेली. घरी पोचली की ती दोन रिंगा देई आणि ठेवून टाकी. उचलला की पैसे पडत, म्हणून उचलायचा नाही, नुसतं समजून घ्यायचं. तेव्हा सगळेच असं करत, मीसुद्धा. तरीही मी ओरडलेच, "काका, ती पोरगी नाही, नदी आहे नदी!"

"मंग नदीले सांगा, उचलेपर्यंत वाजव म्हणा," काका शांतपणे म्हणाले.

तशी आज्ञा भरली. पुढच्या चाचणीत त्यांनी फोन उचलला, माझा आवाज ऐकला आणि विचारलं, "हाव, पण तुम्ही कुठून बोलून राहिल्या बाई? जेवण झालं का?" मी उत्तर दिलं नाही म्हणून दोन दिवस रुसले.

परतताना जीपमध्ये डोळे मिटून बसले होते, तेव्हा मला ते सुचलं. पोरगी देते तशा नदीनेही रोज दोन रिंगा का देऊ नयेत? दिवेलागणीला दोन रिंगा आणि बंद, म्हणजे वर सगळं ठीक. मी तेही भरून टाकलं.

आणि तो उन्हाळा असा गेला. संध्याकाळ झाली की पात्रातल्या बाया हातातलं काम ठेवत. वर दुकानात फोन दोनदा वाजे. "पोचली वं!" काका काठावरून ओरडत, आणि खाली चुली पेटत. मी रामदासपेठेत खिडकीशी उभी राहून त्याच वेळी कान देई. ऐकू काय येणार! पण मला यायचं.

एके दिवशी रिंग आली नाही. आभाळ स्वच्छ होतं. काका म्हणाले, लाइन बिघडली असेल, रोजचंच आहे. दुसऱ्या दिवशी टरबुजं तोडायची होती. मावशींनी कोणाचं ऐकलं नाही. झोळी सोडली, बाळ पोटाशी धरलं, सुनेला पुढे घातलं आणि काठ चढल्या. ते बघून बाकीच्याही निघाल्या. पुरती रात्र व्हायच्या आत नदी आली आणि वाडी घेऊन गेली.

वर वादळात टेलिफोनचा खांब पडला होता. डबा शाबूत होता. त्याने सगळ्या आज्ञा पाळल्या होत्या. तुटलेल्या तारेवर तो नंबर फिरवत राहिला होता.

मी गेले तेव्हा मावशींनी बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. वाडी गेल्याचं त्या बोलल्याच नाहीत. मी विचारलं, "मावशी, पाणी येणार हे तुम्हाला कसं कळलं?"

"पाण्याचं कुठं कळलं वं? तुही घंटी आली नाही. मले वाटलं, पोरीले काही झालं. जीव लागंना, तं वर आली फोनपाशी बसाले. बाळाले का वाळूत ठिवून येऊ?"

मला रडूच आलं. मी डब्यात इतक्या आज्ञा भरल्या होत्या, आणि माझी काळजी करायला त्यांना कोणीच शिकवलं नव्हतं.

निघताना त्या म्हणाल्या, "पोचली का घंटी दे."

नागपुरात उतरल्यावर मी घरी गेलेच नाही. ऑफिस उघडलं, नंबर फिरवला, दोन रिंगा दिल्या आणि फोन ठेवला.