चहावर साय धरेपर्यंत

सिन्नरच्या काळी-पिवळी जीपमध्ये एकोणीस माणसं, दोन कोंबड्या आणि मुंडावळ्या बांधलेला एक नवरदेव बसलेला मी या डोळ्यांनी पाहिलाय. त्या जीपमध्ये चढल्यावर देवरे नानांनी पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर सीटच्या फटीत कोपरापर्यंत हात घालून पट्टा शोधला. ड्रायव्हर आरशातून बघून हसला. "नाना, हितं माणूसच माणसाला पट्टा हाय. हलायची कोनाची टाप नाय!"

सगळी जीप हसली. नाना हसले नाहीत. "धडकेला माणूस माणसाला धरत नाही, बाबा. माणूस माणसावर पडतो." मग सिन्नरपर्यंत कोणी बोललं नाही. कोंबड्यासुद्धा बोलल्या नाहीत, आणि नवरदेव तर उतरताना पार सुतकी चेहऱ्याचा झाला होता.

नाना आणि मी एकाच ठिकाणी कामाला होतो. नाशिकबाहेर विमान शिकवणारी एक लहानशी शाळा होती. एक पत्र्याचं हँगर, एक धावपट्टी, दोन विमानं. विमानंही अशी, की शेपटी धरून मी एकटा त्यांना बाहेर काढायचो. हे खरं आहे. वाऱ्याच्या दिवशी ती मला आत न्यायची, हे थोडं वाढवून सांगतोय. मी भांडारात होतो. खिळ्यापासून टायरपर्यंत खरेदी माझी. नानांकडे शिवणीचं सगळं होतं: सीट, आच्छादनं आणि मुख्य म्हणजे पट्टे. नानांनी पुठ्ठ्याच्या बिल्ल्यावर सही करून तो पट्ट्याला बांधल्याशिवाय ती सीट विमानात जात नसे. शाळेचे मालक कॅप्टनसाहेब, पण तेही त्या पुठ्ठ्याच्या खाली.

नाना मूळचे सटाण्याकडचे. वडील बैलांचा साज करायचे. नानांची उमर सातपूरला ताडपत्र्या आणि ट्रकचे जाड पट्टे शिवण्यात गेली होती. त्यांच्या उजव्या अंगठ्याला डोळे होते. पट्ट्यावरून अंगठा फिरवून ते सांगत, हा किती उन्हाळे काचेखाली तापलाय. मी एकदा परीक्षा म्हणून माझ्याच पँटचा पट्टा त्यांच्या हातात दिला. अंगठा फिरवून म्हणाले, "संजूभाऊ, लग्नानंतर तीन भोकं पुढे गेलास."

पट्टा निवडायची त्यांची रीत जगावेगळी होती. रंग, चकाकी, किंमत यांतलं काही बघायचे नाहीत. "साडू देखणा असावा, पट्टा नसला तरी चालतो," असं म्हणायचे. आधी बघायचे खांद्याचा पट्टा येतो कुठून. तो खांद्याच्या उंचीवरून सरळ मागे गेला पाहिजे. खांद्यावरून खाली जमिनीकडे ओढलेला असेल, तर विमान आदळल्यावर तो माणसाला मागे धरण्याऐवजी खाली दाबणार आणि मणका चेपणार. "बैलाच्या मानेला जू घासलं तर घट्टा पडतो. माणसाला घट्टा पडायला वेळ मिळत नाही." मग डोळे मिटून, एका हातानं, आधी उजव्या, मग डाव्या, बक्कल उघडून बघायचे. आणि बांधताना जपासारखं एकच: "कमरेचा आधी, खांद्याचा मागून." खांद्याचा आधी ओढला की कमरेचा वर पोटावर चढतो. मग हाडाऐवजी आतड्यानं धक्का सोसायचा.

हे सगळं झालं, की चहा.

सातपूरच्या एका वर्कशॉपमधून त्यांनी लोखंडी चौकट करून आणली होती. तीत एक जुनी सीट. दांडा फिरवला की सीट माणसासकट उलटी व्हायची. कुठलाही नवा पट्टा आला, की नाना तो स्वतः बांधून उलटे लटकायचे. पट्टा जिथून आवळायच्या लोखंडी पकडीत शिरतो, तिथं खडूची रेघ. शेजारी स्टुलावर दुधाळ चहाचा वाफाळता ग्लास. चहावर साय धरेपर्यंत रेघ जागची हलली नाही, तर सही. मी म्हटलं, "नाना, घड्याळ आहे की." म्हणाले, "घड्याळाकडं माणूस बघत नाही, चहाकडं बघतो."

त्या उन्हाळ्यात नानांनी एका विमानाचे दोन्ही पट्टे बाद केले. नवे यायला सहा आठवडे लागणार होते, आणि दुसरं विमान गिरकीला चालणारं नव्हतं. आणि रविवारी शाळेत नव्या मुलांचे आईवडील येणार होते. त्यांच्यासमोर गार्गी विमान वर नेऊन गिरकीत घालणार आणि बाहेर काढून दाखवणार होती. गार्गी म्हणजे कॅप्टनसाहेबांची मुलगी, आमच्याकडची शिक्षिका. गिरकीत पट्टा सैल पडला तर माणूस सीटवरून उचलला जातो आणि हातातला विमान वळवायचा दांडा सुटतो. पुढचं सांगायला कोणी उरत नाही.

"संजय, रविवारपर्यंत पट्टे पाहिजेत," साहेब म्हणाले.

मी चार दिवसांत आणले. मोटारींच्या सामानाच्या एका दुकानात मिळाले. शर्यतीच्या गाड्यांना लावतात तसे, लालभडक, विमानाच्या शेपटीला जुळणारे. रंग बघून मी इतका हरखलो, की टेकऑफच्या आधीच उडालो. पट्ट्याच्या टोकाला एक पांढरी पट्टी शिवलेली होती. 'फक्त मोटारीसाठी.' ती मी भांडाराच्या कात्रीनं उसवली आणि खिशात टाकली. आयुष्यात मी पोत्यानं थापा मारल्यात, पण त्या सगळ्या तोंडानं. हातानं मारलेली ही पहिली.

शनिवारी सकाळी नानांनी पट्टा हातात घेतला. अंगठा फिरत फिरत टोकाशी आला आणि थांबला. "हाई काय शे?" चिडले किंवा दचकले, की नाना अहिराणीत जायचे. "इथं शिवण होती. टाके उसवलेत."

मी छताकडे बघितलं. छतावर बघण्यासारखं काही नव्हतं.

"चार उन्हाळे शाळेचं हे दुकान चालवतोय मी, नाना," कॅप्टनसाहेब मागून म्हणाले, "उद्या माझी मुलगी बसणार आहे त्यात. मला कळत नाही का? सही करा. नाहीतर सोमवारपासून सटाण्याला जाऊन आराम करा."

गार्गी तिथंच उभी होती. ती नानांच्या तोंडाकडे बघत होती.

"चहा सांगा," नाना म्हणाले.

त्यांनी पट्टे चौकटीतल्या सीटला लावले. कमरेचा आधी, खांद्याचा मागून. खडूची रेघ ओढली. मग खडू माझ्या हातात दिला. "रेघ तू बघ, संजूभाऊ. मला उलट्यातून दिसत नाही. तू सांगशील ते खरं. तुझ्या शब्दावर सही करतो."

मी दांडा फिरवला. साठीला टेकलेला, रक्तदाबाची गोळी खाणारा माणूस माझ्यासमोर वटवाघळासारखा लटकला. टोपी पडली. चष्मा मी आधीच काढून घेतला होता. चहाची वाफ सरळ वर जात होती.

"सरकली का?"

रेघ पकडीच्या बाहेर दोऱ्याएवढी आली होती. दोरा तो काय! "नाही," मी म्हणालो.

साहेबांनी घड्याळ बघितलं. हँगरमध्ये पत्रा तापून टकटक वाजत होता. नानांचा चेहरा लाल झाला, मग वांग्यासारखा. कपाळावरची शीर सुतळीएवढी फुगली. मी सांगताना पुढे तिला नळाची पाईप केली, पण सुतळीएवढी होती, आणि तेवढी पुरे होती. रेघ गव्हाच्या दाण्याएवढी सरकली. ती बघत असताना माझ्या खिशातली पांढरी पट्टी मांडीला इस्त्रीसारखी लागत होती.

"नाना, उतरा आता," गार्गी म्हणाली.

"साय धरली?"

"नाही, पण..."

"मग थांब बेटा. संजूभाऊ, सरकली का?"

'नाही' म्हटलं की नाना खाली, सही, रविवार, पाहुणे, टाळ्या. एक शब्द. असे शब्द मी शेंगदाण्यासारखे खातो. गार्गीनं वाकून नानांच्या डोक्याखाली हात धरला, पडलेच तर झेलायला. तिच्या मनगटावरची नस मला दिसली. रेघ बोटभर बाहेर होती.

"सरकली," मी म्हणालो. आवाज कोणा दुसऱ्याचाच वाटला. "मघाशीच सरकली होती. मी खोटं बोललो. पट्टा मोटारीचा आहे, साहेब."

दांडा कोणी फिरवला आठवत नाही. नाना सरळ झाले, डोळे मिटून बसले. साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं, की सोमवारी सटाण्याला कोण जाणार हे ठरलंच. त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात नाना बोलले. "याले काढशात तर रेघ कोण बघी, साहेब? खरं सांगणारा आत्ताच मिळाला." आणि स्टुलावरचा चहा माझ्यापुढे सरकवला. "पी. साय धरायच्या आत."

रविवारी दुसरं विमान नुसतंच एक फेरी मारून आलं. पाहुण्यांनी तेवढ्यालाही टाळ्या वाजवल्या. सहा आठवड्यांनी योग्य पट्टे आले, करडे, कुरूप. नाना त्यांत दोन चहा लटकले. रेघ मी बघितली.

इथं गोष्टीत विमान पडायला हवं. मी ते पुष्कळदा पाडलंय. एकदा दिंडोरीच्या द्राक्षबागेत असं पाडलं, की तालुकाभर मनुका झाल्या आणि गार्गी करड्या पट्ट्यात हसत बसलेली सापडली. खरं सांगायचं तर ते विमान कधीच पडलं नाही. नानांना मी एकदा म्हटलं, "एवढं लटकलात, उपयोग काय झाला?" म्हणाले, "काही झालं नाही ना? मग झाला की!"

गेल्या वर्षी नाना गेले. झोपेतच, सरळ. त्यांच्या गावी अंगणात तिरडी बांधत होते. शाळेतले आम्ही सगळे बाजूला उभे होतो. भाऊबंदांतल्या एकानं सुतळी घेतली आणि छातीवरून पहिला वेढा टाकला.

"थांबा," गार्गी म्हणाली. रडून तिचा आवाज फाटला होता. "कमरेचा आधी."

एक म्हातारे गृहस्थ तिच्याकडे बघत राहिले. "बाई, आते नाना कोठे पडी जाई?"

मी पुढे झालो, वेढा सोडवला, आणि कमरेचा बांधला. खांद्याचा मागून. खिशात खडू नव्हता, म्हणून बोटाला अबीर लावून सुतळीवर रेघ ओढली आणि तीन हिसके दिले. सगळं अंगण बघत होतं. मी वाकून नानांच्या कानाशी म्हणालो,

"नाही सरकली, नाना."