लाळेची पट्टी आणि आम्ही तिघं

थुंकी गोळा करत गावोगाव हिंडणाऱ्या माणसाकडं किस्से साठतातच. निम्मे जेवताना सांगता येत नाहीत आणि उरलेले सांगावेसे वाटत नाहीत.

करोनातल्या दुसऱ्या पावसाळ्यात आम्ही तिघं जुन्नर-आंबेगावात फिरायचो. मी लॅब टेक्निशियन, सोबत सुनंदा सिस्टर आणि जीपचे ड्रायव्हर किसनभाऊ. काही त्रास नसलेल्या माणसाची लाळ पट्टीवर तपासायची, नाकातला स्वॅब पुण्याच्या लॅबला पाठवायचा, आणि पट्टी कितपत खरं बोलते ते ताडून बघायचं, एवढंच काम.

*

लाळ द्यायच्या आधी अर्धा तास तोंडात काही नको. नारायणगावच्या मार्केटात एका हमालाला हे सांगितलं.

"अर्धा तास तंबाखू न्हाई? त्यापरीस नाकात काय घालायचं ते दोनदा घाला राव!"

*

आंबेगावात एक सून कप धरून नुसतीच उभी. सासऱ्यासमोर थुंकायचं कसं? सिस्टरनं आबांना बाहेर जायला सांगितलं. आबा चिडून भर पावसात अंगणात जाऊन बसले.

सून म्हणाली, "आता तर अजिबातच येईना."

*

एका म्हातारीनं खोकत खोकत सांगितलं, "खोकला न्हाई." त्रास आहे म्हटलं की उचलून नेतात, ही धास्ती घराघरात होती. आम्ही तिला यादीतून वगळलं आणि दवाखान्यात जायला सांगितलं. ती गेली नाही.

*

एका बाबांनी घरातल्या चौघांचे चारही कप भरून हातात ठेवले. "पोरं शेतावर गेलीत. मीच भरलं. रक्त येकच हाय न्हवं?"

आम्ही लई हसलो. पुढं त्यातली दोन पोरं ऑक्सिजनवर गेली. तेव्हा थांबून त्यांची लाळ घ्यायला हवी होती, असं सिस्टर अजून म्हणते.

*

हौसाबाईंचा किस्सा किसनभाऊ कुणाला सांगू देत नाहीत.

डोंगरातली वाडी. हौसाबाईंची आई तिकडं आणे गावात शेवटच्या घटका मोजत होती. "लाळ घ्या, पर मला जीपमधी नारायणगावला सोडा, तिथनं आण्याला जाईन," त्या म्हणाल्या.

पट्टीवर दोन रेघा उमटल्या, म्हणजे करोना. पण परीक्षा पट्टीचीच चाललेली, म्हणून तिचा निकाल माणसाला सांगायचा नाही, असा नियम. मी म्हणालो, "लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत घरीच थांबा." हे आम्ही सगळ्यांनाच सांगायचो आणि कुणीच ऐकायचं नाही. त्या पिशवी घेऊन जीपपाशी आल्या.

किसनभाऊंनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि काय ते ओळखलं.

"मावशी, घाटात दरड पडलीय. रस्ता बंद हाय. आमीबी खालच्या शाळंतच मुक्कामी."

दरडबिरड काही पडली नव्हती.

तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला, तसे आम्ही वाडीवर गेलो. निगेटिव्ह. पट्टी चुकली होती. आणि आदल्या दुपारी आई गेली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

किसनभाऊ एवढंच म्हणाले, "चला मावशी, आण्याला सोडतो." मी मागं बसलो. घाटात हौसाबाईंनी विचारलं, "भाऊ, कुठं पडली व्हती दरड?"

किसनभाऊंनी गाडी हळू केली आणि एका हिरव्यागार उताराकडं बोट केलं.

हौसाबाईंनी तिकडं बघून हात जोडले. "आईचं तोंड न्हाई दिसलं. पर तुमी अडवलं, म्हणून मी तरी वाचले."