रूताचं वेळापत्रक

२००६ साली आमच्या नाशिकच्या इंजिनिअरिंग कॉलेजमध्ये फिनलंडला एक सत्र शिकून यायची सूचना लागली आणि अर्ज करणारी मी एकटीच निघाले. बाकीच्यांना थंडीची भीती, मला नाशिकमध्येच राहून जाण्याची. विभागप्रमुख सरांनी सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाच्या पाच विषयांची यादी हातात ठेवली. “यातले निदान तीन तिथे पास हो, नाहीतर वर्ष गेलं म्हणून समज. उरलेले दोन इथे ज्युनिअर्सबरोबर देता येतील.”

पहाटे नाशिक रोडहून सुमो निघाली. कसारा घाटात ड्रायव्हरने विचारलं, “ताई, तिकडं कांदा भेटतो का?” पप्पा हसले, मला मात्र रडू येत होतं. पप्पा शाळेत शिक्षक. त्यांची पहिली नोकरी कळवणची आणि तिथले त्यांच्या खोलीतले सोबती भालेराव मास्तर आमच्या घरात लहानपणापासून गाजलेले. हे मास्तर रोज भाकरी करपवायचे आणि वर म्हणायचे, “चावायला वेळ लागतो, तेवढाच वेळ जातो.” विमानतळावर पप्पा म्हणाले, “मला भालेराव भेटला, तुलाही कुणीतरी भेटेल.”

हेलसिंकीहून पूर्वेकडच्या त्या छोट्या गावाला रेल्वेने साडेचार तास लागले. झाडं, तळं, पुन्हा झाडं. डब्यात कुणी कुणाला ‘कुठं उतरणार’ एवढंही विचारेना. जाणाऱ्यांसाठी सांगते, पहिल्याच आठवड्यात जुनी सायकल घ्या आणि विद्यार्थी कार्ड काढा. कँटीनमध्ये अडीच युरोत बटाटे, ब्रेड, दूध असं पोटभर मिळतं. आणि हो, कांदा भेटतो, पण गोडसर.

खरी पंचाईत विषय निवडताना झाली. तीस क्रेडिट म्हणजे चार-पाच कोर्स, आणि दोन आठवडे कुठल्याही वर्गात बसून बघायची मुभा. ऐकायला छान वाटतं. पण प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं, त्यामुळे ‘आमचा वर्ग’ असं काही नसतंच. नाशिकला माझा रोल नंबर एकोणीस होता, म्हणून अठरा आणि वीस माझ्या मैत्रिणी. प्रॅक्टिकल, व्हायवा, सबमिशन, सगळं त्याच क्रमाने. मैत्री करावी लागते हे मला ठाऊकच नव्हतं. पहिले नऊ दिवस मी दुकानातल्या बाईशिवाय कुणाशी बोलले नाही.

दहाव्या दिवशी ऑफिसबाहेरच्या रांगेत एका मुलीने खुर्चीवरची बॅग उचलली आणि म्हणाली, “बस ना.” रूता, लिथुआनियाची, वनशास्त्राची. एवढ्याशा ‘बस ना’वर मी तिचं अख्खं वेळापत्रक उतरवून घेतलं! जंगलाचं अर्थशास्त्र, रशियाचा इतिहास, दलदलीचा अभ्यास, जलविज्ञान. सरांच्या यादीतलं त्यात जलविज्ञान तेवढं होतं. रविवारी फोनवर पप्पांना ऐटीत सांगितलं, “चारही विषयांना आम्ही शेजारी बसतो.” पप्पा इतके खूश झाले की वर्षाचं काय, हे विचारायचंच विसरले.

बदलाची मुदत शुक्रवारी चारला संपणार होती. शुक्रवारी सकाळी दलदलीच्या तासाला शेजारची खुर्ची रिकामी. रूता कँटीनमध्ये सूप पीत होती.

“अगं, ते मी सोडलं. जंगल आणि इतिहासही. नोकरी मिळाली मला.”

“मला सांगितलं नाहीस?”

“तुला सांगायचं होतं का?” तिने खरंच विचारलं. तिचं काही चुकलं नव्हतं. तिच्यासाठी मी चार विषय घेतले, हे मीही तिला कुठे सांगितलं होतं?

ऑफिसात पायवी नावाच्या वयस्कर बाईंनी माझा फॉर्म पाहिला. “सिव्हिलच्या मुलीला रशियाचा इतिहास कशाला?” मी सरळ रडायला लागले. त्यांनी टिश्यूचा डबा पुढे सरकवला, घड्याळ दाखवलं आणि कोरा फॉर्म दिला. जंगल आणि इतिहास खोडून मी सरांच्या यादीतले दोन विषय भरले. दलदल मात्र ठेवली.

त्या विषयाची सहल ऑक्टोबरमध्ये निघाली. बसने तासभर, मग रबरी बूट घालून दलदलीवर टाकलेल्या फळ्यांवरून चालायचं. फळी एका माणसापुरती, म्हणून आम्ही बाराजण एकामागे एक, गप्प. पिवळं गवत पार क्षितिजापर्यंत. मी मोठ्याने म्हणाले, “कंटाळा आला बाई!” कुणी वळून पाहिलं नाही. तेवढी एकटी मी पुन्हा कधी झाले नाही. आणि दर रविवारी पप्पा विचारत, “रूता बरी आहे ना?” मी म्हणायचे, “बरी आहे, आत्ताच गेली इथून.” जलविज्ञानाच्या तासाला ती यायची, मान डोलवायची आणि घाईने कामावर पळायची.

जानेवारीत परत आले. यादीतल्या तीन विषयांत पास झाले, वर्ष वाचलं. उरलेल्या दोन विषयांसाठी ज्युनिअर्सच्या वर्गात बसते. हजेरीच्या छापील यादीखाली माझं नाव पेनाने लिहिलेलं आहे. जाणाऱ्यांनी विषयांची यादी खिशात ठेवावी आणि मुदतीची तारीख भिंतीवर लिहावी. मला तिथून बाकी काय मिळालं म्हणाल, तर आता शेजारी बसलेल्या मुलीचं नाव मी आधी विचारते.

गेल्या रविवारी पप्पा अंगणात शेंगा सोलत होते. “रूताला एकदा नाशिकला बोलव की,” म्हणाले. मग मला राहवेना. सगळं सांगून टाकलं. रविवारचे ते फोन, ती ‘आत्ताच गेली’वाली रूता, सगळं.

पप्पा सोलतच राहिले. टरफलं बाजूला सारत म्हणाले, “कळवणहून तुझ्या आजीला दर आठवड्याला पत्र लिहायचो. ती काळजी करायची गं. भालेराव नव्हताच कुणी.”

“मग ती करपलेली भाकरी?”

“माझीच.”